तात्यांना 'कूल' चालत नाही!

बाहेर बर्फ, आत नऊ अंश, आणि खोलीच्या कोपऱ्यात येमेनचा पाहुणा. लीड्सच्या हिवाळ्यात कॅमेलिऑन सांभाळायचा म्हणजे काय काय करावं लागतं? एका सरड्याची, पाच भाडेकरूंची आणि एका वीजबिलाची ही गोष्ट...

आमच्या तात्यांचं वय वर्षं चार. लांबी शेपटीसकट दीड फुटाच्या वर. रंग बेसिकली हिरवा, त्यावर पिवळे पट्टे, आणि डोक्यावर पगडीसारखा उभा तुरा. म्हणून तर तात्या! कामधंदा शून्य, खाणं शाही, मूड कायम ऑफ. कुणी खोलीत पाऊल टाकलं की अंग फुगवून, तोंड वासून असे काही बघतात, की समोरच्याने सहा महिन्यांचं भाडं थकवलंय. लाड करून घेणं, मांडीवर बसणं वगैरे चोचले नाहीत. ज्यांना मिठी मारायला पेट हवा, त्यांनी कुत्रा पाळावा. तात्या फक्त बघायचे.

तात्या म्हणजे व्हेल्ड कॅमेलिऑन. पाळीव कॅमेलिऑनमधली ही सगळ्यात कॉमन जात. मूळ गाव येमेन आणि सौदी अरेबियाचा नैऋत्य कोपरा. पण तात्यांचा जन्म तिकडचा नव्हे, इथलाच, ब्रिटनमधल्या एका ब्रीडरकडचा. थोडक्यात सेकंड जनरेशन एनआरआय. माझा आधीचा रूममेट त्यांचा मालक. सप्टेंबर २०२२ मध्ये त्याची सिंगापूरला बदली झाली. कॅमेलिऑन देशाबाहेर न्यायचा तर 'साइट्स' नावाच्या आंतरराष्ट्रीय कराराचे परवाने लागतात, आणि तिकडे उतरल्यावर नव्या देशाचे नियम वेगळे. कंपनीने त्याला दिले तीन आठवडे. मग त्याने पिंजरा, दिवे आणि एक चार पानी सूचनापत्र माझ्या खोलीत आणून ठेवलं आणि म्हणाला, "तूच बघ रे आता यांच्याकडे." सूचनापत्रातलं पहिलं वाक्य अंडरलाइन केलेलं होतं : थंडी सांभाळ.

आईला फोनवर सांगितलं, तर पलीकडे दहा सेकंद शांतता. मग, "सरडा? घरात? आणि खातो काय तो?" टोळ, असं म्हटल्यावर तिने विषयच बदलला. नंतर तिला कळलं की ही जात पालाही खाते आणि जास्वंदीची पानंफुलं यांच्या आवडीची आहेत. तेव्हापासून जरा सूर नरमलाय. "बाप्पाची जास्वंद खातो म्हणजे बरा असेल," हा तिचा निष्कर्ष.

रंगाचा फंडा

पार्टीत तात्यांचा विषय निघाला की प्रत्येक जण हमखास एकच प्रश्न विचारतो : लाल शर्टवर ठेवला तर लाल होतो का? नाही हो! कॅमेलिऑन मागच्या भिंतीशी मॅचिंग करत नाही. त्याचा रंग सांगतो तो चिडलाय का, घाबरलाय का, मादीला इम्प्रेस करतोय का. आणि मुख्य म्हणजे त्याला थंडी वाजतेय का. जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये पँथर कॅमेलिऑनवर काम करून दाखवलं, की कातडीतल्या पेशींमध्ये ग्वानिनचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात आणि त्यांच्यातलं अंतर कमी-जास्त झालं की परावर्तित होणारा रंग बदलतो. शिवाय गडद रंगद्रव्य असलेल्या पेशी वेगळ्याच. सकाळी तात्या उठतात ते काळपट, मळकट चेहऱ्याने. दिव्याखाली जाऊन अंग चपटं करतात, एक बाजू दिव्याकडे धरतात, गडद रंगात ऊब शोषून घेतात. वीसेक मिनिटांत गाडी गरम होते आणि हिरवा रंग परत येतो. दिवसभर काळपटच राहिले, तर समजायचं की पिंजऱ्यात काहीतरी गडबड आहे.

आता येमेन म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर वाळवंट येतं. आपल्याला एडन माहीत असतं ते शाळेच्या पुस्तकातून. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांना तिथल्या तुरुंगात ठेवलं होतं आणि १८८३ मध्ये तिथेच त्यांचा मृत्यू झाला. एडनचा कारभार तेव्हा मुंबई इलाख्यातून चालायचा. पण तात्यांचे नातेवाईक फक्त किनाऱ्यावर राहत नाहीत. पश्चिमेच्या डोंगररांगांमध्ये, पाऊस पडणाऱ्या उतारांवर आणि दऱ्यांतल्या झाडाझुडपांत त्यांची वस्ती आहे. तिथे दिवसा मस्त ऊन आणि रात्री चांगलाच गारवा. म्हणजे रात्री तापमान उतरलं, तर यांची तक्रार नसते. उलट तेच त्यांना मानवतं. सगळा प्रॉब्लेम असतो तो किती उतरलं याचा, आणि सकाळी परत चढलं की नाही याचा.

लीड्सची खोली

लीड्समध्ये व्हिक्टोरियन काळातली विटांची घरं रांगेने उभी आहेत. त्यातली काही तर पाठीला पाठ लावून बांधलेली, खिडक्या फक्त समोर. भिंती भरीव विटांच्या, आत हवेची पोकळी नाही, त्यामुळे मधे इन्सुलेशन भरायची सोय नाही. आमचं घर अशाच गल्लीत. पाच खोल्या, पाच भाडेकरू, एक बॉयलर. घरमालकांनी हीटिंगचा टायमर लावलेला : सकाळी दोन तास, संध्याकाळी चार. बाकी वेळ स्वेटर घाला. नोव्हेंबरच्या शेवटी पहाटे माझ्या खोलीत काटा नऊवर यायचा. मी दोन दुलया घेऊन झोपायचो. तात्यांना दुलई चालत नाही, कारण दुलई फक्त अंगातली उष्णता धरून ठेवते आणि तात्यांच्या अंगात स्वतःची उष्णता तयारच होत नाही. त्यांना ती बाहेरूनच घ्यावी लागते. सरडा पाळायचा विचार असेल तर हे एक वाक्य पक्कं डोक्यात ठेवा, बाकी सगळं त्यातूनच येतं.

ऊब मिळाली नाही तर काय होतं? अन्न पचत नाही. पोटात गेलेला टोळ तसाच पडून राहतो. प्रतिकारशक्ती ढेपाळते. त्यात ओलावा असेल तर फुप्फुसांचं इन्फेक्शन ठरलेलं. थंड आणि ओलं, हे कॉम्बिनेशन कॅमेलिऑनचं सगळ्यात मोठं शत्रू. श्वास घेताना मान वर करणं, तोंड उघडं ठेवणं, टिकटिक आवाज, तोंडाशी चिकट लाळ, आणि दिवसाढवळ्या डोळे मिटून बसणं, ही लक्षणं. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. धडधाकट कॅमेलिऑन दिवसा डोळे मिटून बसत नाही. आपल्याला वाटतं, अरे वा, पेंगतोय. तो पेंगत नसतो, आजारी असतो. आणि हे प्राणी आजारपण लपवण्यात पटाईत. जंगलात अशक्त दिसला तो संपला, म्हणून शेवटपर्यंत "आय अॅम फाइन" चालू असतं. अगदी आपल्या ऑफिससारखं!

खोली नको, पेटी तापवा

पहिली आयडिया सगळ्यांना सुचते ती खोली गरम करण्याची. तेलाचा दीड हजार वॉटचा रेडिएटर आणा आणि रात्रभर लावून ठेवा. गणित करून बघा. आठ तास सलग चालला तर १२ युनिट. ऑक्टोबर २०२२ मध्ये ब्रिटिश सरकारने वीजदरावर मर्यादा घातली होती, तरी सरासरी दर पडत होता युनिटला ३४ पेन्स. म्हणजे एका रात्रीचे चार पौंड. तेव्हाच्या हिशेबाने जवळजवळ चारशे रुपये. महिन्याचे बारा हजार. एवढ्यात तात्यांना विमानाने येमेनला सोडून येता आलं असतं.

तेव्हा खोली राहू द्या गार, तापवायची फक्त पेटी. रूममेटचा पिंजरा चारी बाजूंनी जाळीचा होता. कॅमेलिऑनला खेळती हवा लागते हे खरं, पण ही जाळी फ्लोरिडात किंवा आपल्या कोकणात शोभते. लीड्सच्या खोलीत ती ऊब क्षणात बाहेर टाकते. कापडी पिशवीत पाणी भरल्यासारखं. मी जाळी तशीच ठेवली, पण मागची बाजू आणि दोन्ही कडा प्लास्टिकच्या पन्हळी शीटने झाकल्या. घर विकायला काढलं की दारात जो बोर्ड लावतात ना, त्याच शीट. मागच्या बाजूला आणखी फोमचा तक्ता. पुढची बाजू खाली थोडी उघडी आणि वर झाकणाला जाळी. खालून गार हवा आत येते, तापून वरून जाते, म्हणजे धुराड्यासारखं. हवा खेळती राहते आणि वाराही लागत नाही.

मग जागा. पिंजरा खिडकीपासून काढून आतल्या भिंतीशी आणला. बाहेरची भिंत बर्फासारखी, खिडकीतून झोत येतात. रेडिएटरच्या शेजारीही नको, कारण तो कधी चालू, कधी बंद, आणि चालू असला की हवा कोरडी करतो. पिंजरा उंच टेबलावर ठेवला. गरम हवा वर असते हा एक फायदा. दुसरा, कॅमेलिऑनला माणसाच्या डोळ्यांच्या वर बसलं की सेफ वाटतं. जमिनीवर ठेवला तर कायम टेन्शनमध्ये.

दिव्यांचं सांगायचं तर दिवसा ७५ वॉटचा साधा हॅलोजन, पिंजऱ्याच्या बाहेर, वरच्या जाळीवर. त्याच्या खालच्या फांदीवर तापमान साधारण ३० ते ३२ अंश. बाकी पिंजऱ्यात वर २५-२६, तळाला २२. म्हणजे तात्यांना चॉइस. गरम झालं की खाली उतरायचं, गार वाटलं की वर. हा चॉइस फार महत्त्वाचा. सगळा पिंजरा एकसारखा ३२ करून ठेवलात, तर थंडीऐवजी उकाड्याने हाल. आणि दिव्याचं अंतर हातावर बघू नका, मोजा. कॅमेलिऑनला पाठीवर चटका बसतोय हे वेळेत कळत नाही. ऊन अजून हवंय म्हणून तुरा दिव्याला टेकेपर्यंत वर चढतात आणि भाजून घेतात. दिवा पिंजऱ्याच्या आत टांगायचा असेल तर त्याला जाळीचं कव्हर हवंच.

दुसरी ट्यूब यूव्हीबीची. ती ऊब देत नाही, पण ती नसेल तर शरीरात व्हिटॅमिन डी-३ तयार होत नाही, कॅल्शियम लागत नाही आणि हाडं अक्षरशः वाकतात. खिडकीतल्या उन्हाने भागेल म्हणाल तर काच यूव्हीबी अडवते. शिवाय डिसेंबरात लीड्सला सूर्य उगवतो सव्वाआठला आणि पावणेचारला मावळतो, तोही ढगाआडून. इथली आरोग्यसेवा माणसांनाही हिवाळ्यात डी व्हिटॅमिनची गोळी घ्यायला सांगते. सो, मला गोळी, तात्यांना ट्यूब. ट्यूब वर्षाने बदलायची, कारण उजेड दिसत राहतो पण आतला यूव्हीबी उतरलेला असतो. येमेनमध्ये हिवाळ्यातही दिवस अकरा तासांच्या वर असतो, म्हणून दिवे टायमरवर.

रात्री मात्र अंधार. पूर्ण. बाजारात रात्रीसाठी लाल दिवे मिळतात, पण तो उजेड त्यांना दिसतो आणि झोप मोडते. ऊब हवी असेल तर सिरॅमिकचा हीटर. दिव्यासारखाच होल्डरमध्ये बसतो, फक्त उजेड देत नाही. त्याला थर्मोस्टॅट लावायचा आणि १६-१७ अंशांवर सोडून द्यायचं. १५ ते २० च्या मधली रात्र या जातीला छान मानवते. गरम होणारे दगड, पिंजऱ्याखाली घालायचे हीट मॅट यावर पैसे घालवू नका. कॅमेलिऑनच्या जगात ऊन वरून येतं. पोटाखालून येणाऱ्या उबेचं काय करायचं हे त्याला माहीतच नाही.

पाण्याचीही एक गंमत आहे. वाटीतलं पाणी यांना पाणी वाटतच नाही. पानावरचे थेंब चाटायचे, ही सवय. म्हणून स्प्रे मारायचा. पण गार खोलीत संध्याकाळी उशिरा पिंजरा ओला करून झोपवलं, तर तेच थंड-ओलं कॉम्बिनेशन. मी सकाळी स्प्रे मारतो, कोमट पाण्याचा, कारण हवेत उडता उडता ते गार होतं. दुपारी एक थेंब-थेंब गळणारा डबा मनीप्लांटच्या पानावर. संध्याकाळपर्यंत पानं कोरडी. तात्या पुरेसं पितात की नाही हे कसं कळतं? त्यांच्या शीवरून. पांढरी असेल तर उत्तम, गर्द केशरी असेल तर पाणी कमी पडतंय. जेवताना वाचत असाल तर सॉरी.

घरातली मीटिंग

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बिल आलं आणि किचनमध्ये मीटिंग बसली. कोइम्बतूरचा एक, पोलंडची नर्स, नायजेरियाचा एमबीए करणारा, खालच्या खोलीतला अस्सल यॉर्कशायरचा अकाउंटंट, आणि मी. वीज पाच जणांत सारखी. अकाउंटंटने सरळ मुद्दा मांडला : वरच्या मजल्यावर एक सरडा चोवीस तास दिवे लावून बसलाय, त्याचे पैसे मी का द्यावेत? एकतर जादा पैसे भर, नाहीतर त्याला दुसरं घर बघ. त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हटलं असतं. त्या हिवाळ्यात सगळेच टेकीला आले होते. सरकार दर महिन्याला बिलात ६६-६७ पौंडांची सूट देत होतं, तरी लोक अंघोळी मोजत होते.

मी एक आठवडा मागून घेतला. प्लगमध्ये लावायचं छोटं मीटर आणलं आणि तात्यांची सगळी उपकरणं त्यावर टाकली. हॅलोजन सहा तास, ०.४५ युनिट. यूव्हीबी बारा तास, ०.२९. झाडांसाठीचा एलईडी, ०.२४. रात्रीचा सिरॅमिक हीटर ६० वॉटचा, थर्मोस्टॅटमुळे निम्मा वेळच चालू, ०.३६. बेरीज १.३४. दिवसाला ४५ पेन्स, महिन्याला साडेतेरा पौंड. हे सगळे मी भरतो, असं सांगून टाकलं. मग तेच मीटर अकाउंटंटच्या परवानगीने त्याच्या खोलीतल्या पंख्याच्या हीटरला लावलं. दोन हजार वॉट, रोज संध्याकाळी तीन तास. सहा युनिट! तात्यांच्या साडेचारपट. आकडे बघून तो बराच वेळ काही बोलला नाही. आकड्यांच्या माणसाला आकड्यांनीच गाठावं लागतं. शेवटी म्हणाला, "म्हणजे तो माझ्यापेक्षा स्वस्तात राहतो." तात्यांचं अॅडमिशन कन्फर्म.

आणि मग बॉयलर बंद पडला.

चार रात्री

डिसेंबर २०२२ चा दुसरा आठवडा ब्रिटनमध्ये राहणाऱ्या कुणालाही विचारा. पारा रात्री शून्याखाली, दिवसाही जेमतेम वर. गल्लीतला बर्फ वितळायचं नावच घेईना. अशा वेळी शहरातले सगळे बॉयलर दुरुस्त करणारे बिझी. आम्हाला तारीख मिळाली चार दिवसांनंतरची.

त्या ऑक्टोबरातच वीजयंत्रणेने इशारा दिला होता, की फारच वाईट वेळ आली तर तीन-तीन तास वीज जाऊ शकते. ती वेळ प्रत्यक्षात आली नाही, पण त्या बातमीमुळे माझी तयारी होती. एक जास्तीचा १०० वॉटचा सिरॅमिक हीटर, गरम पाण्याच्या दोन रबरी पिशव्या, जुन्या रजया, आणि एक थर्मामीटर जो रात्रीतलं सगळ्यात कमी तापमान लक्षात ठेवतो. हा थर्मामीटर मस्ट आहे, मंडळी. आपण झोपलेलो असताना पहाटे साडेपाचला काय झालं, हे तोच सांगतो. काचेवर चिकटवायच्या गोल काट्याच्या डायलवर अजिबात विश्वास ठेवू नका.

पहिल्या रात्री खोली सहा अंशांवर गेली. पिंजऱ्याच्या तीन बाजूंना रजया गुंडाळल्या, वरची जाळी आणि हीटर मोकळा ठेवला, कारण आग लागली तर तात्याही नाहीत आणि आम्हीही नाही. पहाटेचा आकडा : १३. ठीक. तब्येत चांगली असलेला मोठा कॅमेलिऑन एखाददुसरी अशी रात्र काढतो, फक्त दिवसा पूर्ण ऊन मिळालं पाहिजे आणि अंग कोरडं पाहिजे. हॅलोजनची वेळ सहा तासांवरून दहावर नेली. खाणं निम्म्यावर आणलं. पचवायला ऊब कमी असताना पोट भरणं म्हणजे आगीवर ओला लाकूडफाटा टाकणं.

दुसऱ्या दिवशी दुपारी लॅपटॉपवरून मान वर केली, तर तात्यांचा डावा डोळा बंद.

ऑफिसचा कॉल चालू होता. मी कॅमेरा बंद केला आणि उठलो. डोळा उघडला. पाच मिनिटांनी परत बंद. सरपटणाऱ्या प्राण्यांचे डॉक्टर प्रत्येक शहरात नसतात. म्हणून तो नंबर आधीपासून फ्रिजवर लावून ठेवायचा असतो, तसा तो होता. फोनवर त्यांनी विचारलं : तोंडात चिकट काही दिसतंय? श्वासाचा आवाज? मान वर? एकच डोळा की दोन्ही? एकच, बाकी काही नाही. उद्या सकाळी आणा, म्हणाल्या, तोपर्यंत दिवसाचं तापमान उतरू देऊ नका आणि पाणी पाजा.

त्या रात्री मी दर दोन तासांनी उठलो. खरं सांगायचं तर एका सरड्यासाठी आपण एवढे कासावीस होऊ असं मला सप्टेंबरात कुणी सांगितलं असतं, तर हसलो असतो. सकाळी एका थर्माकोलच्या खोक्यात आडवी फांदी बसवली, तळाला टॉवेलमध्ये गुंडाळलेली गरम पिशवी, भोकं पाडलेलं झाकण. पोलंडच्या नर्सची नाइट शिफ्ट नुकतीच संपली होती, तिने स्वतःच्या गाडीने सोडलं. डॉक्टरांनी छातीला यंत्र लावलं, तोंड उघडून बघितलं, डोळा धुतला. पापणीखाली टोळाच्या पायाचा बारीक तुकडा अडकला होता. फुप्फुसं क्लीअर. वजन बरं. बिल बघून मी महिन्याभराचे सिनेमे रद्द केले, पण परतीच्या वाटेवर आम्ही दोघं वेड्यासारखे हसत होतो.

तिसऱ्या रात्री दारावर टकटक. अकाउंटंट, खांद्यावर ब्लँकेट, हातात चहाचा मग. खाली बसवत नाही म्हणाला. दहा मिनिटांनी कोइम्बतूरकर आला. मग बाकीचे. आमच्या अख्ख्या घरात सगळ्यात उबदार जागा होती ती तात्यांच्या पिंजऱ्यासमोरची! पाच जण अर्धवर्तुळात बसलो आणि तात्या वरून आमच्याकडे एक डोळा इकडे, एक डोळा तिकडे करून बघत राहिले. कॅमेलिऑनचे दोन डोळे स्वतंत्र फिरतात ना, त्यामुळे दोन टोकांना बसलेल्यांना एकाच वेळी रागावता येतं.

तेवढ्यात टोळ भरवायची वेळ झाली आणि शो सुरू झाला. तात्यांची मान हळूहळू पुढे आली आणि जीभ सुटली. सगळे ओरडले. मी म्हटलं, हे तर थंडीतही जमतं. फ्लोरिडातल्या दोन संशोधकांनी २०१० मध्ये याच जातीवर प्रयोग केले होते, १५, २५ आणि ३५ अंशांना. तापमान दहा अंशांनी उतरलं, तरी जीभ फेकण्याचा वेग फक्त १० ते १९ टक्के घटतो. कारण ती स्नायूंच्या जोरावर त्या क्षणी फेकली जात नाही. ताणून ठेवलेल्या लवचीक तंतूंतून ती बेचकीसारखी सुटते. मात्र परत आत ओढायचं काम स्नायूंचं, आणि तिथे थंडीचा तडाखा बसतो, घट ४० टक्क्यांच्या वर. म्हणजे गार सकाळीही शिकार होते, फक्त घास आत घेताना जरा सावकाश. अकाउंटंट म्हणाला, "सोमवारी सकाळी माझंही असंच होतं."

चौथ्या दिवशी बॉयलर सुरू झाला.

पुण्यात चालेल का?

हा प्रश्न मला व्हॉट्सअॅपवर दर आठवड्याला येतो. पुण्यातही डिसेंबरच्या पहाटे चांगल्याच गार असतात, टेक्निक तेच लागू पडेल. पण त्याआधी कायदा. आपल्या रानात, बांधावर दिसणारा घोयरा हाही कॅमेलिऑनच, तात्यांचा भारतीय चुलतभाऊ. वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ खाली तो संरक्षित आहे. पकडणं, पाळणं, विकणं, सगळं बेकायदा. तो विषारी असतो, दिसला की मारावा, या निव्वळ अफवा. दिसला तर फोटो काढा आणि रस्ता ओलांडू द्या. परदेशी जातींचं म्हणाल, तर २०२२ च्या दुरुस्तीने साइट्सच्या यादीतले प्राणी या कायद्याच्या कक्षेत आणले आणि २०२४ च्या नियमांनी त्यांची परिवेश पोर्टलवर नोंदणी बंधनकारक केली. व्हेल्ड कॅमेलिऑन त्या यादीत आहे. कुणी इन्स्टावर "डिलिव्हरी पॉसिबल" म्हणून विकत असेल, तर कागद मागा. कागद नाहीत म्हणाला, तर चॅट तिथेच संपवा.

आणि कागद असले तरी आधी स्वतःला विचारा, की तुमच्या शहरात सरपटणाऱ्या प्राण्यांचा डॉक्टर आहे का आणि दिवाळीला गावी गेलात तर दिवे कोण बघणार? नीट सांभाळला तर नर सहा ते आठ वर्षं जगतो. या काळात तुमच्या दोन नोकऱ्या आणि तीन घरं बदललेली असतील.

माझं घर त्यानंतर एकदा बदललं. नव्या फ्लॅटला डबल ग्लेझिंग आहे आणि हीटिंगचं बटण माझ्या हातात. पिंजरा तोच, शीट तीच, त्यावर आता पोलंडच्या नर्सने काढलेलं पगडीवाल्या तात्यांचं चित्र आहे. गेल्या हिवाळ्यात मी तीन आठवडे पुण्याला आलो, तेव्हा तात्यांना कुणाकडे ठेवायचं हा प्रश्नच आला नाही. अकाउंटंट स्वतःहून राहायला आला. तो फोटो पाठवत नाही, गप्पा मारत नाही. रोज सकाळी त्याचा फक्त एक मेसेज यायचा, रात्रीच्या सगळ्यात कमी तापमानाचा. १६.८. १७.१. १६.९. नाताळच्या सकाळी एक शब्द जास्तीचा होता : '१७.०. जेवले.'